वहीत ठेवलेलं बोट

“तुम्ही आमच्या पतपेढीत होतात ना? तीन नंबरच्या खिडकीवर?”

घोडबंदर रोडवर आमची मालिका ज्या बंगल्यात चालायची, त्याच्या फाटकातच एका बाईंनी अच्युत ओगल्यांना गाठलं होतं. हातात मेथीच्या जुड्या, चेहऱ्यावर ओळख पटल्याचं समाधान. चाळीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेला नट आता काय म्हणतो ते बघायला मी दोन पावलं मागे रेंगाळले.

“होतो,” काका म्हणाले. “आता रिटायर झालो.”

“तरीच हल्ली दिसत नाही.”

“लॉकरची किल्ली सापडली का मग?”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. “अहो, सापडली. देवांच्या फळीवर होती. तुमच्या अजून लक्षात आहे?”

काका खिडकीवरच्या माणसासारखेच हसले, म्हणजे ओठ बंद ठेवून, आणि बाई मेथी सांभाळत खुशीत निघून गेल्या. किल्लीचं कसं कळलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, किल्ली प्रत्येकाचीच कधी ना कधी हरवलेली असते आणि ती देवांच्या फळीवर नाहीतर तांदळाच्या डब्यात सापडते. यात कळायचंय काय?

या गोष्टीला सोळा वर्षं झाली. मी तेव्हा त्या मालिकेची कंटिन्युइटी बघायचे. म्हणजे शुक्रवारी सुरू झालेला प्रसंग सोमवारी पुढे चालू झाला, तर सासूच्या मनगटावर तेवढ्याच बांगड्या आहेत ना, सुनेचा पदर त्याच खांद्यावर आहे ना, कपातला चहा मधल्या दोन दिवसांत वाढला तर नाही ना, हे वहीत टिपून ठेवायचं आणि वेळेवर ओरडायचं. या धंद्यात माणसाला एक वाईट खोड लागते. समोरचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, तो कुठल्या हातानं बोलतो ते दिसतं. लग्नाच्या पंगतीतही मी शेजारणीच्या पानातली कोशिंबीर डावीकडे आहे की उजवीकडे ते आधी बघते. काका मला चित्रगुप्तबाई म्हणायचे.

माझ्या वहीच्या मागच्या पानांवर काकांचा वेगळा हिशेब होता. त्यांना मी पडद्यावर कुठे कुठे पाहिलं, त्याची यादी. पोस्टमास्तर, फाशीची शिक्षा सुनावणारा न्यायाधीश, सहकारी कारखान्याचा लबाड चेअरमन, कोकणातल्या एका सिनेमात बायको गेल्यावर पहिल्यांदा एकट्यापुरता भात लावणारा मास्तर, एका पोलिसी मालिकेत तीन भाग चाललेला विष घालणारा वैद्य. एकूण एकसष्ट. गंमत अशी की एकसष्टही ठिकाणी मिशी तीच, चष्मा त्यांचा स्वतःचा आणि निम्म्या ठिकाणी शर्टही घरचा. आवाज कुठेच चढलेला नाही. तरी वैद्य बघितल्यावर मला दोन दिवस काढा गिळवेना, आणि मास्तराच्या भाताला पाणी जास्त झालं तेव्हा मी थिएटरात “अरे” म्हणाले होते. नाव मात्र कुणाच्याच लक्षात राहायचं नाही. “ते हो, ते नाही का,” एवढ्यावर महाराष्ट्रानं त्यांची बोळवण केली होती.

हा माणूस करतो काय, हे कळायला मला चार महिने लागले. शॉट नसला की ते मेकअप रूमच्या बाहेर खुर्ची टाकून मोसंबं सोलत बसायचे. सोलणं पाऊण तास चालायचं, कारण डोळे मोसंब्यावर नसायचेच. एकदा घरी जुनी मालिका लागली होती. त्यात न्यायाधीश शिक्षा वाचण्याआधी चष्मा काढतो आणि शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसतो. मी जागच्या जागी उठून बसले. तो काकांच्या जुन्या सोबत्याचा, आमच्या नामदेव मेकअपमनचा, चष्मा पुसायचा प्रकार होता. मग चेअरमन पुन्हा पाहिला. तो ज्याला संचालक मंडळातून काढणार असतो, त्याला आधी फार मायेनं विचारतो, “जेवलात का?” आमचे प्रॉडक्शन मॅनेजर कामेरकर, तेही काकांच्या जुन्या ओळखीतले, ज्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचे, त्याला हेच विचारायचे. युनिटमध्ये कामेरकरांनी जेवणाची चौकशी केली की माणसांची भूक मरायची.

दुसऱ्या दिवशी मी सरळ तोंडावर म्हणाले, “काका, तुम्ही चोर आहात.”

“चोरी कसली,” ते मोसंब्याची शीर काढत म्हणाले. “लोक टाकून देतात, मी उचलतो. त्यांना ते आपल्याकडे होतं हेही माहीत नसतं.”

“माझं काय उचललंत?”

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुमचं अजून काही हाती लागलं नाही.”

याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आपण सगळ्यांच्या नोंदी ठेवतो आणि आपली कुठे नोंद नाही, असं मला वाटत होतं.

मालिकेत ते सरपोतदारांच्या घरातले सासरे होते. साधं काम. सासू गरजायची, सून रडायची, सासरे सोफ्यावर. पण काकांना ते काम हवं होतं, आणि का हवं होतं ते मला ठाऊक होतं. त्यांच्या पत्नी, शालिनीकाकू, अर्धांगाच्या झटक्यानंतर दहिसरच्या घरात खुर्चीला खिळल्या होत्या. नवऱ्याचा एकही सिनेमा त्यांनी धड पाहिला नव्हता. “तुम्ही घरी असता तसेच तर दिसता, तिकीट कशाला काढायचं,” असं त्यांचं म्हणणं. ही मालिका मात्र संध्याकाळी साडेसातला लागली की त्या कुणाला मध्ये बोलू द्यायच्या नाहीत. काका म्हणाले होते, दिवसभर मी बाहेर असतो, साडेसातला तिला रोज दिसतो, तेवढंच घरी पोचल्यासारखं होतं.

तर वाहिनीकडून ऋचा मॅडम आल्या. वय सव्वीस, हातात टीआरपीचे तक्ते. त्यांनी दिग्दर्शक मांद्रेकरांना सांगितलं की सासऱ्यांच्या चेहऱ्यावर काही घडत नाही. मांद्रेकर जुने होते, ते म्हणाले, तो माणूस ऐकतो, ऐकणं घडतच असतं. ऋचा मॅडमनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं. काकांचं काम तेव्हापासून दोरीला टांगलेलं होतं. दोरी कापायला फक्त निमित्त हवं होतं.

निमित्त औक्षणाच्या ताटाचं झालं.

प्रसंग असा. दिवाळीचा पाडवा, सासऱ्यांनी देवघरातून औक्षणाचं ताट आणून सासूला द्यायचं, सासूनं एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं सुनेला दार दाखवायचं. सासूचं काम इंद्रायणी देवस्थळी करायच्या. मालिका त्यांच्या नावावर चालायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं. शुक्रवारी लांबून शॉट घेतला. काकांनी ताट दिलं, ताईंनी डाव्या हातात घेतलं, उजवा हात दाराकडे. मी लिहून घेतलं. सोमवारी जवळून शॉट घ्यायचा होता. कॅमेरा दुसऱ्या बाजूला गेला आणि ताईंच्या लक्षात आलं की डाव्या हातातल्या निरंजनाचा धूर नथीवर येतो. नथ नवी होती. त्यांनी ताट उजव्या हातात घ्यायचं ठरवलं.

मी पुढे होऊन हळूच सांगितलं, “ताई, शुक्रवारी डावा हात होता.”

“लोक नथ बघतात गं,” ताई म्हणाल्या. “हात कोण बघतं?”

काकांनी मात्र सवयीप्रमाणे ताट शुक्रवारसारखंच, अगदी त्याच उंचीवर, त्यांच्या डाव्या हातापुढे धरलं. ताईंनी उजवा हात आडवा घालून ते ओढून घेतलं. काका तसेच क्षणभर रिकामे हात पुढे धरून उभे राहिले आणि त्यांनी कॅमेऱ्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं आणि मला कळल्याचंही त्यांना कळलं होतं. मी वहीत लिहिलं: ‘इं. ताई, ताट उजव्या हातात. शुक्र. डावा. सांगितलं. ऐकलं नाही. काका बरोबर.’

एडिटिंगला बसल्यावर व्हायचं तेच झालं. चाळीस सेकंदांत ताट तीनदा या हातातून त्या हातात उडी मारत होतं, आणि ऐन पाडव्याला सासू डाव्या हातानं दार दाखवत होती. वाहिनीनं भाग परत पाठवला. प्रक्षेपणाला दोन दिवस उरलेले. पुन्हा शूटिंग करावं लागणार होतं आणि त्याचं कारण लेखी द्यावं लागणार होतं. लेखी कारण म्हटलं की नाव लागतं.

बंगल्याच्या दिवाणखान्यातच बैठक झाली. सरपोतदारांच्या सोफ्यावर ऋचा मॅडम आणि इंद्रायणीताई, समोर मांद्रेकर, दारापाशी कामेरकर. काका देवघराच्या उंबऱ्याजवळ उभे. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर वही.

ताई थंडपणे म्हणाल्या की त्यांना ताट ज्या बाजूनं दिलं गेलं, त्या हातात त्यांनी घेतलं. नटानं दुसरं काय करायचं? सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या. बोलण्यासारखं ते पडद्यावर कधी बोलले नव्हते, बैठकीत कुठून बोलणार?

“शैला,” मांद्रेकर म्हणाले, “वही काय म्हणते?”

मांद्रेकर मला दोरी टाकत होते. काकांना वर ओढायला. वही उघडी होती, पान समोर होतं. पण ते वाचायचं म्हणजे ‘ऐकलं नाही’ हे दोन शब्द ताईंसमोर मोठ्यानं वाचायचे. आदल्या दिवाळीत एका केशभूषाकार मुलीनं ताईंचा अंबाडा वाकडा असल्याचं चारचौघांत सांगितलं होतं. त्याच आठवड्यात कामेरकरांनी तिला जेवलीस का विचारलं होतं. मला दुसऱ्या दिवशी त्याच बंगल्यात यायचं होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

मी वही मिटली. पान हरवू नये म्हणून बोट आत राहू दिलं.

“ताट काकांनीच दिलं होतं,” मी म्हणाले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. धर्मराजानं ‘नरो वा कुंजरो वा’ म्हटलं तेव्हा त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला म्हणतात. माझी खुर्ची आधीच जमिनीवर होती, तिला खाली यायची सोय नव्हती.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नजर रागाची नव्हती. मोसंबं सोलताना असायची तीच.

“हो,” ते म्हणाले. “दिलं मी.”

बैठक संपली. ताईंनी जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. दारात कामेरकर काकांना म्हणाले, “काका, जेवलात का?”

“जेवलो,” काका म्हणाले. “कधीपासून नको येऊ?”

सासऱ्यांना मरणाचा प्रसंगही मिळाला नाही. ते गावी गेले आणि तिकडेच गेले, असा फोन आला. उरलं ते फक्त फोटोचं काम. त्यासाठी काका एका सकाळी शेवटचे आले. पांढरा सदरा घरचाच. फोटोग्राफर नवा होता, तो सारखा म्हणत होता, काका, चेहऱ्यावर जरा भाव आणा.

“मेलेल्या माणसाला कसला भाव,” काका म्हणाले, आणि नेहमीसारखेच बसले.

आमच्याकडे रीत आहे. जिवंत नटाच्या फोटोला हार घातला की लगेच त्याला पेढा भरवायचा आणि हसता फोटो काढायचा, म्हणजे अपशकुन फिटतो. पेढा भरवायचं माझ्याकडे आलं. पेढ्याचा निम्मा तुकडा सदऱ्यावर पडला. काकांनी तो उचलून खाल्ला. मी विचारलं, शालिनीकाकूंना हे दिसेल त्याचं काय?

“सांगितलंय तिला, आता साडेसातला मी भिंतीवर असेन. ती म्हणाली, घरीही तसेच असता.” मग खिशातला रुमाल काढून त्यांनी सदरा झटकला. “येतो, चित्रगुप्तबाई. वही सांभाळा.”

पुढची गंमत सांगायलाच हवी. तो फोटो दिवाणखान्यात सातशे भाग लटकत राहिला. ताई गरजल्या की कॅमेरा फोटोवर जायचा, सून रडली की फोटोवर. दोन महिन्यांत प्रेक्षकांची पत्रं यायला लागली: सासरे फोटोतून सासूकडे रागानं बघतात आणि सुनेकडे मायेनं, हे कसं जमवलंत? ऋचा मॅडम एकदा फोटोसमोर उभ्या राहून मला म्हणाल्या, बघा, किती एक्स्प्रेशन्स आहेत, हे आधी का दिलं नाही यांनी? मी होला हो केलं. हार घालण्यापूर्वी आणि नंतर त्या चेहऱ्यात एका मिशीचाही फरक नाही, अशी माझ्या वहीत नोंद आहे. पण माझ्या वहीत तसं पुष्कळ काही आहे.

दोन वर्षांनी घरी एक पाकीट आलं. आत एका सिनेमाच्या खास खेळाचा पास, आणि पाकिटावर टपोऱ्या अक्षरांत ‘चित्रगुप्तबाईंस’.

धरणात बुडालेल्या गावाची गोष्ट होती. काका पुनर्वसन कार्यालयातले अव्वल कारकून. मिशी तीच, चष्मा तोच, शर्ट मी ओळखला. पाऊण सिनेमा ते मागे बसून रजिस्टरात लिहीत असतात. मग भागीरथी नावाची एक विधवा येते. नवऱ्याच्या जमिनीबदली मिळालेला प्लॉट दिराला लाटायचाय. बाईचं नाव यादीत नाहीच, असं त्यानं गावभर केलंय. तालुक्याचा पुढारी दिराच्या बाजूनं कार्यालयातच खुर्ची अडवून बसलाय. नाव आहे की नाही हे फक्त कारकुनाला माहीत, कारण रजिस्टर त्याच्यापुढे उघडं आहे. आम्हीही ते नाव पाहिलेलं असतं.

बाई म्हणते, “माझं नाव आहे का तेवढं बघा.”

कारकून पुढाऱ्याकडे बघतो. रजिस्टर मिटतो. आणि पान हरवू नये म्हणून बोट आत राहू देतो.

माझ्या आजूबाजूला कुणीतरी सुस्कारा सोडला. मला सुस्कारा सोडता आला नाही. मनगट किंचित आत वळलेलं, अंगठा पुठ्ठ्यावर, हनुवटी खाली पण नजर वर नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हात टिपले, माझा हात कसा दिसतो ते तीनशे माणसांत बसून पहिल्यांदा पाहिलं. कारकून म्हणाला, “बघावं लागेल.” यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाई वळते. दारापर्यंत जाते. माझी नजर बोटावर. इथे प्रसंग संपणार हे मला ठाऊक होतं, कारण तो संपला कसा हे मला ठाऊक होतं.

पण कॅमेरा हलेना. बोट रजिस्टरात तसंच. पुढारी जांभई देतो. मग त्या बोटानंच रजिस्टर हळूहळू उघडलं जातं, दार आपसूक ढकललं जावं तसं, आणि कारकून रेशनच्या यादीतलं नाव पुकारावं तसल्या कोरड्या आवाजात वाचतो, “भागीरथी सोनू गावडे. प्लॉट नंबर एकशे बारा.” बस्स. पुढाऱ्याकडे बघत नाही, बाईकडे बघत नाही. पुढच्या नावावर बोट सरकवतो.

त्या कामाला पुढे मोठं बक्षीस मिळालं. एका समीक्षकानं फक्त त्या बोटावर अर्धा रकाना लिहिला आणि अभिनेत्याच्या दीर्घ साधनेचं ते फळ आहे असा निष्कर्ष काढला.

खेळ संपल्यावर बाहेर गर्दी नायिकेभोवती होती. काका खांबाशेजारी उभे होते. लोक त्यांना “जरा एक्स्क्यूज मी” म्हणत ओलांडून जात होते. शालिनीकाकू कशा आहेत ते मी विचारलं. बरी आहे, म्हणाले, मालिका अजून बघते, फोटो आला की टीव्हीला सांगते, चहा झाला का विचारा त्यांना. बोलायचं ते मलाच बोलायला हवं होतं, आणि त्याला दोन वर्षं उशीर झालेला होता.

“काका, ते बोट माझं होतं.”

“तुमचं?” त्यांनी मान वळवून नीट पाहिलं. “मला वाटलं, कुणीतरी टाकून दिलंय.”

मी हातातल्या पासाची घडी घालत राहिले. त्यांनी घाई केली नाही. ते ऐकत होते.

“आणि रजिस्टर परत उघडलं, ते?” मी शेवटी विचारलं. “ते कुणाचं उचललंत?”

काकांनी चष्मा काढला, नामदेवसारखा शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसला आणि परत घातला.

“ते पुष्कळ शोधलं,” ते म्हणाले. “युनिटात पाहिलं, सोसायटीत पाहिलं, स्वतःकडेही पाहिलं. कुठे मिळेना. शेवटी तेवढा अभिनय करावा लागला.”